३-०-२ आणि ४ क्रेडिट: हिशेब जुळेना

बेळगावात व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजात शिकवतो. सिलॅबसवर ३-०-२ (आठवड्याला थिअरी-ट्युटोरियल-प्रॅक्टिकलचे तास) आहे, बेरीज ५ होते, क्रेडिट मात्र ४. कसं काय?

उत्तर १: सर, थिअरीचे ३ तास म्हणजे ३ क्रेडिट, पण प्रॅक्टिकलचे २ तास म्हणजे १ क्रेडिट. १५ आठवड्यांत थिअरी ४५ तास, लॅब ३०. पण थिअरीची आखणी ४० तासांचीच करा, पाच मॉड्यूलना (सिलॅबसच्या भागांना) प्रत्येकी ८. गणपती, दसरा, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) सगळे याच सेमिस्टरला येतात. नाहीतर पाचवं मॉड्यूल उरकावं लागतं.

उत्तर २: सीओमध्ये (कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून मुलांना काय करता यावं) ‘समजणे’ लिहू नका, ते मोजता येत नाही. ‘बीमचा बेंडिंग मोमेंट काढणे’ असं लिहा. इंटर्नलच्या (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या) प्रत्येक प्रश्नापुढे सीओ नंबर आत्ताच टाका.

प्रश्नकर्ता: लॅब पहिल्याच आठवड्यात?

उत्तर १: नको. आधी त्या प्रयोगाची थिअरी होऊ दे, नाहीतर पोरं जर्नल नुसतं उतरवतात.