लंडनच्या 'द जॉर्ज इन'चे सज्जे एकाच बाजूला का?

प्रश्न : लंडनमधील सदर्क भागातले हे जुने मद्यगृह नुकतेच पाहिले. अंगणालगत लाकडी कठड्यांचे, एकावर एक असे दोन सज्जे आहेत आणि वरच्या कठड्याची रेघ मध्येच खाली झुकलेली स्पष्ट दिसते. मग उरलेल्या बाजूंना सज्जे का नाहीत?

प्रतिसाद १ : ते पूर्वी होते. १६७६ च्या आगीत जुनी वास्तू जळाल्यावर ही नव्याने बांधण्यात आली. घोडागाड्या हमरस्त्यावरून थेट अंगणात शिरत, खाली खाणेपिणे चाले आणि वरच्या खोल्यांची दारे सज्ज्यातच उघडत, म्हणजे सज्जा हीच प्रवाशांची ये-जा करण्याची वाट होती. रेल्वे आल्यावर हा व्यवसाय बसला. पुढे जागा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेकडे गेली आणि तिने गोदामांसाठी बाकीच्या बाजू पाडल्या. दक्षिणेकडची तेवढी उरली.

प्रतिसाद २ : शेजारचे टॅबर्ड हे तसेच जुने मद्यगृह तर १८७३ मध्ये समूळ गेले, याची मला आजही हळहळ वाटते. जॉर्ज १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सज्जे असलेले घोडागाडीच्या काळातले असे मद्यगृह लंडनमध्ये आता हे एकच आहे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. पुढच्या खेपेस त्या खोल्यांची दारे नीट पाहीन.