मदत हवी आहे: बेडरूमच्या भिंतीला बुरशी, मुलाचा खोकला थांबत नाहीये. डीह्युमिडिफायर घेऊ की अँटीफंगल रंग?

शमिका_डोंबिवली
नमस्कार, थेट मुद्द्यावर येते. बेडरूमच्या एका भिंतीला काळे ठिपके आलेत, खाली पोपडे निघतायत, कपाट सरकवलं तर मागे सगळं काळं आणि तो कुबट वास. मुलगा ४ वर्षांचा आहे, रात्री दोन-अडीचला खोकायला लागतो तो उलटी होईपर्यंत खोकतो आणि सकाळी शाळेत जाताना एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी नेब्युलायझर दिलंय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं की परत तेच. मला फक्त एवढंच सांगा की डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं मशीन) घेऊ की तो अँटीफंगल रंग मारून घेऊ, दोन्हीचं बजेट नाहीये. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलंय. पुढच्या आठवड्यात सासूबाई यायच्यात, त्याच्या आत काम उरकायचंय.

खडूस_म्हातारा
घर स्वतःचं की भाड्याचं? कितवा मजला? भिंत बाहेरची की आतली, पलीकडे काय आहे? हे काहीच न सांगता रंग कुठला विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून ‘दुखतंय, गोळी सांगा’ म्हणण्यातला प्रकार.

काकू_सदाशिवपेठ
अगं काही महागडं घेऊ नकोस. आमच्याकडे दर पावसाळ्यात मी ब्लीचिंग पावडर आणि बाथरूम धुवायचं ॲसिड एकत्र कालवून घासते, बुरशी दुसऱ्या दिवशी गायब. खिडकी मात्र बंद ठेवायची, नाहीतर वास सगळ्या घरात जातो.

सिमेंटवाला
काकू, हे कृपा करून कोणालाही सांगू नका आणि स्वतःही करू नका!! ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही तुम्ही बंद खोलीत. लहान मूल आणि त्यात श्वासाचा त्रास असलेलं, त्या घरात तर अजिबातच नको.

काकू_सदाशिवपेठ
इतकी वर्षं करतेय, मला तर काही झालं नाही. असो.

लीड्सकर
शमिकाताई, ही ९०% कंडेन्सेशनची केस वाटते, म्हणजे घरातल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. कपडे घरात वाळत घालता का? स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावता का? बुरशीला हलक्यात घेऊ नका. इथे इंग्लंडात रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा २ वर्षांचा मुलगा गेला, घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा विकार होऊन गेला असं कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. वडील २०१७ पासून तक्रार करत होते आणि त्यांना सांगितलं काय, तर वरून रंग मारा. आता त्याच्या नावाने कायदा झालाय, सरकारी-संस्थांच्या भाड्याच्या घरांत ओल-बुरशीची तक्रार आली की मालकाला ठरलेल्या मुदतीत तपासून दुरुस्त करावंच लागतं, ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे.

खडूस_म्हातारा
लीड्सकर, रंगाबद्दलचं पटलं. बाकी डोंबिवलीत कोण हीटर लावून खिडक्या बंद करून बसतंय? इथे खिडकी उघडली की बाहेरूनच दमट हवा आत येते. तिकडचं निदान इकडे चिकटवू नका.

लीड्सकर
मी निदान केलं नाही, प्रश्न विचारलाय. आणि माझं बालपण कल्याणात गेलंय, दमट म्हणजे काय ते मला माहितीये.

शमिका_डोंबिवली
अहो मी विचारलं काय आणि चाललंय काय. ठीक आहे, भाड्याचं आहे, दुसरा मजला, वर अजून २ मजले. कपडे गॅलरीत वाळतात. आता सांगा, रंग की मशीन?

चाळकरी
ताई, उगाच घाबरू नका. गिरगावात १० बाय १२ च्या खोलीत आम्ही ७ जण वाढलो, चार महिने भिंती घामेजलेल्या असायच्या, कोणाला दमा नाही की काही नाही. हल्लीची पोरं बाहेर खेळत नाहीत म्हणून हे सगळं.

सिमेंटवाला
चाळकरीसाहेब, तुमच्या चाळीला पुढे गॅलरी होती, दार दिवसभर सताड उघडं, हवा आरपार जायची. आता गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड बघा, दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नाही, दिवसा दिवे लावावे लागतात. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईने तिकडच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला होता, त्यात खालच्या मजल्यांवर टीबी जास्त सापडला. लोक तेच, झोपडपट्टीतून पक्क्या घरात गेलेले. त्यामुळे ‘आम्हाला काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही.

चाळकरी
टीबी आणि बुरशी वेगळं. विषयांतर तुम्ही करताय.

मिरजेची_डॉक्टर
मी बालरोगतज्ज्ञ आहे, औषध इथे सांगणार नाही. पण दिवसा ठीक आणि रात्री खोकला, तोही त्याच खोलीत झोपल्यावर, हे तुमच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा आणि भिंतीचा फोटो दाखवा, बरेचदा पालक घराबद्दल काही बोलतच नाहीत. प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो, पण ओल असलेल्या घरात मुलांना दम्याचा त्रास जास्त होतो हे नक्की, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढलीत. बाकी सगळं होईल तेव्हा होईल, आज रात्रीपासून त्याला हॉलमध्ये झोपवा. गादी त्या भिंतीला टेकलेली असते का? आणि खोलीत कॉइल, धूप, उदबत्ती?

शमिका_डोंबिवली
पलंग त्याच भिंतीला आहे, दुसरीकडे जागाच नाही. कॉइल लावतो की, मच्छर किती आहेत इकडे.

मिरजेची_डॉक्टर
कॉइल आजच बंद. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असं मोजलेलं आहे, आणि तुम्ही तेवढा धूर रात्रभर बंद खोलीत ठेवता. मच्छरदाणी लावा.

राजू_नालासोपारा
दम्याचा पंप (इनहेलर) मात्र चालू करू देऊ नका डॉक्टरला, एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, माझ्या मेव्हण्याचं बघतोय.

मिरजेची_डॉक्टर
राजूभाऊ, पंपाची सवय लागत नाही. दमा जुनाट आजार आहे म्हणून औषध लांबतं. नेब्युलायझरमधून जातं तेही औषधच आहे, बहुतेक वेळा पंपापेक्षा जास्त डोसमध्ये.

सावध_पालक
बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? असेल तर आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये आंघोळीला गेलेलं माणूस तिथेच बेशुद्ध पडतं. खिडक्यांना ग्रिल आहे ना? पलंग खिडकीखाली ठेवू नका, मुलं चढतात.

शमिका_डोंबिवली
गीझर इलेक्ट्रिक आहे, ग्रिल आहे. बुरशीचं बोला.

सिमेंटवाला
बोलतो. नोव्हेंबर संपत आला, पाऊस जाऊन महिना झाला, तरी भिंत ओली आहे. पावसाचं पाणी असतं तर एव्हाना सुकायला लागली असती. ओल वरून खाली उतरलीये की स्कर्टिंगपासून वर चढलीये? आणि खडूसकाकांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं त्याचं उत्तर अजून आलं नाही, पलीकडे काय आहे?

शमिका_डोंबिवली
खालून दोनेक फूट. पलीकडे आमचंच बाथरूम. पण ते नवीन आहे, आम्ही यायच्या आधी मालकाने टाइल्स बदलल्यात.

खडूस_म्हातारा
घ्या.

सिमेंटवाला
जुन्या टाइल फोडून बदलल्या की टाइलवर टाइल चिकटवली? उंबऱ्याची उंची बघा, बाथरूमची जमीन वर आलेली असेल तर टाइलवर टाइलच. तसं असेल तर खालचं वॉटरप्रूफिंग जुनंच आहे, वर फक्त चकाचक.

खात्री करायची तर भिंतीचा एक तुकडा पुसून त्यावर फूटभर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा, म्हणजे लीड्सकर बरोबर. भिंतीतून असेल तर प्लंबरकडून नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बंद करून बाथरूममध्ये २४ तास पाणी साठवून बघायचं, आणि कन्सिल्ड म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाइपची प्रेशर टेस्ट वेगळी, ती पंप लावून करतात. खालच्या मजल्यावाल्यांना विचारा, त्यांच्या छताला डाग असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नको. मशीन रोज टाकी भरेल आणि गळती रोज नवीन पाणी देईल. रंग दोन महिन्यांत फुगून पोपडा पडेल. पीव्हीसी पॅनल लावून देतो असं मालक म्हणाला तर तेही नको, बुरशी मागे मजेत वाढते.

गिरीश_वकील
सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीची, फ्लॅटमधल्या संडास-बाथरूम-सिंकची सभासदाची. म्हणजे तुमच्या केसमध्ये खर्च मालकाचा. फोनवर बोलू नका, फोटो आणि तारखेसकट व्हॉट्सॲप किंवा मेल करा, नाहीतर घर सोडताना हीच भिंत दाखवून डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापेल. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलंय ना? लॉक-इन (घर सोडता न येणारी मुदत) किती महिन्यांचं आहे ते बघा.

शमिका_डोंबिवली
रजिस्टर आहे. लॉक-इन ६ महिने, ते संपलं. मालक म्हणतो डोंबिवलीत सगळ्यांकडेच असतं, आणि म्हणतो तुम्ही कपाट भिंतीला चिकटवलं म्हणून झालं. उंबरा बघितला, आतली जमीन खरंच वर आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात ग्रॅनाइटची पट्टी लावलीये. प्लास्टिक लावलंय. तोपर्यंत मी पोपडे खरवडून काढू का?

मिरजेची_डॉक्टर
मुलगा घरात असताना नाही. कोरडं खरवडलं की बुरशी सगळ्या खोलीभर उडते. बिल्डिंग जुनी असेल तर खालच्या थरांत शिशाचा रंगही असू शकतो, आपल्याकडे घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीचं काही सांगता येत नाही. त्याला दिवसभर आजीकडे वगैरे पाठवा, भिंत ओली करून, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून काढा. तो पोपडे तोंडात घालत नाही ना?

शमिका_डोंबिवली
आधी घालायचा. डॉक्टरांना हे पण सांगते.

दोन दिवस झाले म्हणून प्लास्टिक बघितलं. थेंब मागच्या बाजूला, भिंतीकडे. मालकाला फोटो पाठवला, ब्लू टिक आली, उत्तर नाही. हॉलमध्ये झोपवतोय, खोकला आहे पण उलटी झाली नाही. सासूबाईंना कुठे झोपवायचं हा आता नवीन प्रश्न.

वास्तुमित्र
बाथरूम ईशान्येला आहे का?

खडूस_म्हातारा
आलात का. गिरीशराव, या धाग्यावर पत्राचा मसुदा टाका, शमिकाला लगेच लागेल.

राजू_नालासोपारा
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्याकडे ओल वरच्या कोपऱ्यात आहे आणि वरचा फ्लॅट बंद आहे, मालक दुबईला. सोसायटी म्हणते आम्ही कुलूप तोडू शकत नाही. काय करू?

गिरीश_वकील
राजूभाऊ, नवीन धागा काढा. आणि टॉप फ्लोअर आहे की नाही ते पहिल्याच ओळीत लिहा.