पडणं ओळखणारा सेन्सर: खोटे इशारे फार, खरं पडणं निसटतं

प्रश्न
ज्येष्ठांसाठी मनगटी पट्टा बनवतोय. त्वरण आणि फिरणं मोजणारी एमपीयू-६०५० चिप, ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० नोंदी). तिन्ही अक्षांचं एकत्रित त्वरण ३ जी (गुरुत्वाच्या तिप्पट) ओलांडलं की बझर वाजतो. टाळी वाजवली, टेबलावर हात आपटला तरी वाजतो. गादीवर पडून पाहिलं तर कधी वाजतो, कधी नाही. मर्यादा किती ठेवावी?

उत्तर १
आधी रेंज, म्हणजे चिप किती त्वरणापर्यंत मोजते, ते बघा. ही चिप सुरू होते ती ±२ जी वर. म्हणजे एका अक्षावर २ जीच्या वरचं सगळं कापलं जातं आणि एकत्रित आकडा फार तर ३.४६ पर्यंत जातो. धक्का सरळ एकाच अक्षावर बसला तर ३ गाठणारच नाही. तुमचं 'कधी वाजतो, कधी नाही' बहुधा यातूनच येतंय. एसीसीईएल_कॉन्फिग रजिस्टरमध्ये (चिपमधली सेटिंगची जागा) ±८ जी निवडा आणि कच्च्या आकड्याचं जीमध्ये रूपांतर करणारा भाजक १६३८४ ऐवजी ४०९६ करा. भाजक तसाच राहिला तर स्थिर पट्टाही पाव जी दाखवेल. सॅम्पलिंग १०० हर्ट्झ ठेवा, धक्क्याचं टोक फार थोडा वेळ टिकतं.

उत्तर २
रेंज सुधारली तरी टाळ्यांचा त्रास जाणार नाही. हात दिवसभर हलतो, म्हणून सेन्सर कमरेला लावा. आणि एका मर्यादेवर निर्णय सोपवू नका. धक्का दिसला की पुढचे १०-१५ सेकंद हालचाल बघा. धक्क्याआधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन सेकंदांच्या सरासरीवरून गुरुत्वाची दिशा काढून कोन मोजा. तो ६० अंशांच्या वर गेला तर संशय पक्का. पण ही अट सक्तीची नको. पलंगाला टेकून घसरत जमिनीवर बसलेल्या माणसाचा कोन फारसा बदलत नाही.

प्रश्नकर्ता
मुक्तपतनाची, म्हणजे धक्क्याआधी त्वरण शून्याजवळ गेलंच पाहिजे अशी, अट आधी लावली तर?

उत्तर ३
तिथेच फसाल. तरुण गादीवर धाडकन पडतो तेव्हा ती छान दिसते. वयस्कर माणूस भिंत धरतो, गुडघ्यावर येतो, मग कलंडतो. त्वरण शून्याजवळ जातच नाही. असं पडणं पकडायला दाबमापक जोडा. एक मीटर खाली आल्यावर हवेचा दाब साधारण १२ पास्कलने वाढतो. दार उघडलं-मिटलं तरी तेवढा फरक पडू शकतो, म्हणून हा पुरावा फक्त जोडीला.

चाचणीत 'अचूकता ९८ टक्के' वगैरे बघत बसू नका. दिवसाला खोटे इशारे किती, हे मोजा. रोज दोन आले तरी आठवड्याभरात पट्टा कपाटात जातो. इशारा बाहेर जाण्याआधी २०-३० सेकंद कंपन देऊन रद्द करायचं मोठं बटण ठेवा.

चिपमधला जायरोस्कोप (फिरणं मोजणारा भाग) सतत चालू नको: तो साडेतीन मिलिअँपिअरहून जास्त खातो, नुसता अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा भाग) अर्ध्या मिलिअँपिअरमध्ये भागतो. रोज चार्ज करावा लागला तर पट्टा नेमका रात्री काढून ठेवला जाईल, आणि अंधारात शौचालयाला जाताना पडण्याचा धोका तेव्हाच. पाण्यात चालेल अशी डबी घ्या, नाहीतर न्हाणीघरातलं पडणं हुकेल.