६ मिमी प्लेटला १०० मिमीचं भोक: ग्राइंडर नाही, गॅस नाही

नवखा_फिटर: माइल्ड स्टीलची ६ मिमी जाडीची प्लेट आहे. तिच्यातून पाइप जायला १०० मिमीचं गोल भोक हवंय. हातात बॅटरीवरचं ड्रिल, हॅक्सॉ, छिन्नी, हातोडा आणि दोन-तीन कानशी, एवढंच सामान. गॅस कटिंग करायचं नाही, कारण प्लेट वाकायला नको. कुठून सुरुवात करू?

घाईत_आहे: होल सॉ (ड्रिलला लागणारी, कडेला दात असलेली गोल करवत) आण आणि मोकळा हो. दहा मिनिटांचं काम.

कानसवाले_काका: घाईत, १०० मिमीचा होल सॉ हातातल्या ड्रिलला लावून ६ मिमी प्लेटवर? स्टीलसाठी मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर फेरे ८० च्या आसपास हवेत. हातातलं ड्रिल इतक्या हळू चालवलं तर त्यात जोर उरत नाही, आणि वेगात चालवलं तर दात जळतात. वर सॉ मध्येच अडकला की ड्रिल थांबत नाही, मनगट फिरतं. पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या ड्रिल मशीनवर, प्लेट क्लॅम्प करून, खुशाल कर.

नवख्या, तू साखळी ड्रिलिंग कर, म्हणजे वर्तुळावर एकाला एक लागून बारीक भोकं मारायची आणि मधल्या भिंती तोडून चकती काढायची. जुनी पद्धत आहे, पण तुझ्याकडच्या सामानात नेमकी बसते. मध्यावर पंच मार आणि डिव्हायडरने (दोन्ही पाय टोकदार असलेल्या कंपासने) ५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ ओढ. ही शेवटची रेघ. तिच्यावर बारीक पंचाचे ठिपके मारून ठेव, कारण कानस मारताना रेघ पुसली जाते, ठिपके राहतात. दुसरं वर्तुळ ४६.५ मिमी त्रिज्येचं. बिट ६ मिमीचा, म्हणजे भोकाची बाहेरची कड ४९.५ वर येते आणि अर्धा मिमी कानशीला उरतो. तो अर्धा मिमी सोडताना कंजुषी नको, बिट थोडाफार सरकतोच. या आतल्या वर्तुळावर डिव्हायडर ६.५ ला लावून पावलं टाक. ४५ भोकं बसतात.

आधी सगळी भोकं ३ मिमीने मार, मगच ६ ने वाढव. थेट ६ मारलास तर बिट शेजारच्या भोकाकडे पळतो आणि तुटतो. खाली लाकूड, प्लेट पक्की बांधलेली, बिटाला तेल. आरपार जाताना हात हलका ठेव, बिट धरतो तो तेव्हाच.

नवखा_फिटर: काका, भोकांच्या मधल्या भिंती कशा तोडू?

कानसवाले_काका: अर्ध्या मिमीच्या भिंती आहेत. अरुंद छिन्नीने अर्ध्या वरून, अर्ध्या खालून. एकाच बाजूने ठोकत राहिलास तर दुसऱ्या बाजूची कड फाटून बाहेर येते. शेवटच्या तीन-चार भिंतींना घाई करू नकोस. चकती लोंबकळायला लागली की छिन्नी वेडीवाकडी जाते, म्हणून चकतीला खालून आधार दे. त्या शेवटच्या भिंती हॅक्सॉच्या सुट्या ब्लेडने कापल्या तरी चालतं; एका टोकाला कापड गुंडाळ आणि ब्लेड भोकातून घाल.

चकती निघाली की कड करवतीसारखी दातेरी दिसेल. थेट कानस लावू नकोस, कानशीचं आयुष्य जातं. दातांची टोकं आधी छिन्नीने उडव. मग अर्धगोल बास्टर्ड (जाड दातांची) कानस. तिची गोलाई भोकाच्या गोलाईपेक्षा कमी त्रिज्येची असली पाहिजे, नाहीतर कडा खणल्या जातात. सरळ ढकलू नकोस; पुढे नेताना बाजूलाही सरकव आणि मनगट थोडं वळव. रेघेवरच्या ठिपक्यांचा अर्धा भाग शिल्लक राहिला की थांब.

हॅक्सॉ_प्रेमी: भिंती छिन्नीने तोडताना प्लेट वाकत नाही का? मी तर पूर्ण वर्तुळ ब्लेडनेच कापलं असतं.

कानसवाले_काका: ६ मिमीला वाकत नाही, खाली पक्का आधार असेल तर. २ मिमी पत्रा असता तर तुझंच ऐकलं असतं.

नवखा_फिटर: आणि शेवटी पाइप बसतोय का हे कसं कळेल? घालून बघितला की कुठेतरी अडतो, पण नेमकं कुठे ते दिसत नाही.

कानसवाले_काका: पाइपच्या टोकाला मार्किंग ब्लू (डाग उमटवणारा निळा रंग) लाव, नसेल तर काजळी आणि तेल. हलकं फिरवून काढ. जिथे डाग लागेल तिथेच कानस मार, बाकी हात लावू नकोस. आणि अधूनमधून गुण्या लाव. हाताने मारलेली भोकं तिरपी जातात, त्यामुळे वरून माप बरोबर आणि खालून अर्धा मिमी कमी असं हमखास होतं. खालच्या बाजूलाही रेघ आधीच ओढून ठेवलीस तर हे लवकर लक्षात येतं. त्यासाठी मध्यावर ३ मिमीचं एक भोक आरपार घे, दोन्ही बाजूंना मध्य एकच मिळेल. डिव्हायडरचा पाय त्या भोकात हलतो, म्हणून त्यात लाकडाची खुंटी ठोकून मध्य पुन्हा खूण कर.