सुगम्य, सुलभ की प्रवेशयोग्य?

मसुदेकर: रक्तदान-नेत्रदानाचं काम करणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ मराठीत होतंय. ‘ॲक्सेसिबिलिटी’ला (अपंगांनाही संकेतस्थळ वापरता येणं) एका पानावर सुलभता आहे, दुसऱ्यावर प्रवेशयोग्यता. कोणता ठेवावा? आणि न दिसणाऱ्यांसाठी चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर, त्या ‘ऑल्ट टेक्स्ट’ला ‘चित्रवर्णन’ चालेल?

काना-मात्रा: सुगम्यता. ‘लभ्’ म्हणजे मिळणं, ‘गम्’ म्हणजे जाणं. फॉर्म झटपट भरता आला की सुलभ. तोच माउसला हात न लावता, नुसत्या टॅब कळीने शेवटपर्यंत भरता आला तर सुगम्य. २०१५च्या ‘सुगम्य भारत अभियाना’मुळे शब्द कानावरूनही गेलाय. ‘सुलभ’ म्हटलं की निम्म्यांना शौचालय आठवतं. (‘सुगम’ म्हटलं की संगीत, तेही आहेच.) ‘प्रवेशयोग्य’ तर काढाच. योग्य कोण, पान की माणूस?

पडद्यामागची: ‘चित्रवर्णन’ नको, ‘पर्यायी मजकूर’ म्हणा. शब्द चुकला की कामही चुकतं. देणगीच्या बटणावर हाताचं चित्र असेल तर वर्णन लिहिणारा ‘ओंजळीचे चित्र’ लिहितो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तेवढंच वाचतो आणि बटण कशाचं ते कळत नाही. तिथे ‘देणगी द्या’ हवं. नुसत्या सजावटीच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामा ठेवायचा, पण ठेवायचा. अजिबात वगळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नावच वाचत सुटतात.

काना-मात्रा: मान्य. ‘वर्णन’ फक्त शिबिराच्या फोटोंना शोभेल.

अनुस्वार: शब्दांइतकीच पानाची भाषा बघा. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये भाषा सांगणाऱ्या ‘लँग’पुढे मराठीचा ‘एमआर’ (mr) हवा. साच्यातून आलेला इंग्रजीचा कोड तसाच राहिला तर स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी गाळतो नाहीतर अडखळतो. हिंदीचा असेल तर ‘जखम’मधला ज ‘जीवन’मधल्यासारखा ऐकू येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातला मजकूर थेट चिकटवला असेल तर कोणताही आवाज लावा, वाचली जातात ती निरर्थक अक्षरं. स्कॅन केलेली माहितीपत्रकं तर यंत्राच्या लेखी नुसती चित्रंच.

मसुदेकर: रक्तसाठ्याच्या तक्त्यात लाल म्हणजे संपला, हिरवा म्हणजे आहे. ‘रंगसंकेत’ म्हणू?

पडद्यामागची: काहीही म्हणा, पण रंगाशेजारी ‘संपला’, ‘आहे’ असं लिहा. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे बरेच असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतली रंगभिन्नता किमान ४.५ : १ ठेवा, मोठ्या ठळक मथळ्यांना ३ : १ पुरते. फिकट राखाडी अक्षरं इथेच नापास होतात. आणि फॉर्ममध्ये रकान्याचं नाव रकान्याच्या पोटात, पुसट अक्षरात देऊ नका. टाइप करू लागलं की ते नाहीसं होतं. मग इथे रक्तगट लिहायचा होता की वय, हे आठवत बसावं लागतं. नाव बाहेर, कोडमधल्या ‘लेबल’ या खुणेने रकान्याला बांधलेलं हवं.

अनुस्वार: एक मतभेद नोंदवतो. धोरणाच्या पानाला ‘सुगम्यता’ ठीक, पण मेनूत तो शब्द कोण शोधणार? तिथे ‘वापरताना अडचण येते?’ लिहा आणि खाली फोन व ईमेल दोन्ही द्या. नुसता फोन दिला तर ऐकू न येणारा अडतो.

मसुदेकर: मेनूत अडचण, धोरणात सुगम्यता. ‘येथे क्लिक करा’ चौदा ठिकाणी आहे, ते आता काढायला घेतो.

पडद्यामागची: घ्याच. स्क्रीन रीडरवर नुसत्या दुव्यांची यादी काढली तर चौदा वेळा तेच ऐकू येईल. ‘नेत्रदानाचा अर्ज भरा’ असं लिहा.