मदत हवी आहे: 'अडाजिओ'ला मेट्रोनोम किती लावावा?

सुरपेटी: ठोके देणाऱ्या मेट्रोनोमच्या ॲपमध्ये अडाजिओसमोर, म्हणजे संथ लयीसमोर, मिनिटाला ६६ ते ७६ ठोके असे आकडे आहेत. ६६ लावले, तर बोटे अक्षरशः धावू लागतात. शिवाय स्वरलिपीच्या वर 'सेन्झा सोर्दीनो' अशी सूचना छापली आहे. परीक्षा तोंडावर आली आहे, तरी कृपया लवकर सांगावे.

निषाद: रचना कोणती, हे आपण लिहिलेच नाही. ठोका कोणत्या स्वराला धरला आहे?

सुरपेटी: बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' या पियानो-सोनाटाचा पहिला भाग, दुसरा कोणता असणार! तालचिन्ह उभी रेघ मारलेल्या सीचे आहे, म्हणून ठोका मिनिमला (तालाच्या एका खंडाचा, म्हणजे बारचा, अर्धा भाग व्यापणाऱ्या स्वराला) धरला.

निषाद: घोटाळा तिथेच आहे. मिनिमला ६६ म्हणजे क्रॉचेटला (मिनिमच्या निम्म्या लांबीच्या स्वराला) १३२ होतात. ती रेघ बारमध्ये दोन ठोके मोजायला सांगते; ॲपमधला आकडा मिनिमला चिकटवायला सांगत नाही. डावा हात पाहा: पहिल्या बारमध्ये सी शार्प आणि दुसऱ्यात बी पूर्ण बारभर टिकतात, तर तिसऱ्यात ए आणि एफ शार्प अर्धा-अर्धा बार येतात. खालच्या स्वरांची ही उतरण तुटक न वाटता सलग ऐकू यावी, इतपत लय ठेवावी. क्रॉचेटला ५४ ते ६० लावून पाहा, मात्र मनात दोनच मोजा.

बोरूबहाद्दर: मुळात आकडे हवेतच कशाला? सोनाटा १८०१चा आहे आणि मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले १८१५मध्ये. त्यापेक्षा विलंबित ख्याल भरपूर ऐकावा, लय आपोआप अंगात मुरते.

निषाद: ख्यालात लय पुढे वाढत जाते, इथे ती शेवटपर्यंत तशीच राहायची आहे. विद्यार्थ्याला सुरुवातीला आकड्याचा आधार लागतोच.

काळीपाच: सोर्दीनोचे उत्तर राहिले. डावे, म्हणजे आवाज मऊ करणारे पेडल वापरू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

निषाद: नाही. सेन्झा म्हणजे 'विना', आणि येथे सोर्दीनो म्हणजे तारांचा नाद थांबवणारे डॅम्पर. ते तारांवरून उचललेले ठेवायचे, म्हणजेच उजवे पेडल दाबायचे. बेथोव्हेनच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरत असे. आजच्या पियानोवर पेडल तसेच धरून ठेवले, तर सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात. म्हणून बहुतेक वादक स्वरसंगती बदलताच पेडलही बदलतात.

गमकप्रेमी: नवशिक्यांनी आधी चांगला डिजिटल पियानो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरपेटी: डिजिटलच आहे. क्रॉचेटला ५६ लावल्यावर लय जमते आहे, पण पेडल बदलले की मधेच नाद तुटतो.

निषाद: नवा खालचा स्वर वाजल्यानंतर पेडल सोडून लगेच दाबा, आधी नव्हे. आणि आपले पेडल अर्धवट दाबता येते, की नुसते चालू-बंद होते?