टाचेमागची कंडरा बरी व्हायला इतका वेळ का लागतो?

प्रश्न (रावेर) : केळीचे घड वाहताना माझ्या भावाची दुखावलेली पोटरी लवकर बरी झाली, टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) मात्र महिनोन्महिने दुखते आहे. असे का व्हावे?

उत्तर (जळगाव) : कंडरा मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते आणि त्याचे तंतू दोराच्या पेडांसारखे ओढीच्या दिशेने बांधलेले असल्यामुळे ती स्नायूचे बळ हाडापर्यंत पोहोचवते, परंतु तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा स्नायूपेक्षा बराच कमी असल्याने दुरुस्ती संथ चालते.

उत्तर (भुसावळ) : भर एवढीच, की दीर्घ विश्रांतीने कंडरा अधिकच दुबळी होते, म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली भार हळूहळू वाढवावा. अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.